पाचवा रकाना

नेरेत्वेच्या काठच्या आमच्या गावात
शाळेला छप्पर एक आणि दारं दोन.
नदीकडचं दार एकांच्या मुलांचं,
चढाकडचं दुसऱ्यांच्या.
मधल्या सुट्ट्यांत वीस मिनिटांचं अंतर,
म्हणजे पटांगणात कुणी कुणात सांडायला नको.
मधली जाळी दर वर्षी रंगवतात,
अर्धा रंग या पैशातून, अर्धा त्या.
हिरव्याच्या दोन छटा एका खांबावर भेटतात,
तिथे कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय.

इस्क्रा सप्टेंबरात सहाची होईल.
अर्ज आठवडाभर टेबलावर पडून आहे,
त्यावर कपाच्या बुडाचं एक वर्तुळ.
नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. लशी लिहिल्या.
पाचवा रकाना: मातृभाषा.
एदहेम म्हणाला, तुझी लिही, आई तूच ना.
मी म्हटलं, मग बापाची कुठे, पाठीमागे?
हसलो दोघं.
मग ते हसू ओशाळलं,
कारण पाठीमागे खरंच जागा होती.

या घरात भाषेला आजवर नाव लागलं नव्हतं.
पावाला पोर माझ्या आईकडे क्रूह म्हणते,
झुम्राआजीकडे ख्ल्येब,
आणि पोटात कावळे ओरडले की कुठेही, नुसतं, दे.
कॉफीला तीन नावं,
भांडं एकच, तेही बुडाला जळलेलं.

माझी आई फोनवर हळू बोलते,
आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं:
"पोरीला आपली गाणी यायला नकोत का गं?"
झुम्राआजी काहीच म्हणत नाही.
इस्क्राच्या स्वेटरची बाही मापते
आणि दोन बोटं जास्त विणते.

गुरुवारी दोन्ही दारांतून जाऊन आलो.
नदीकडे नवे बाक, धुतलेले पडदे,
काचेच्या पेटीत एक कासव.
बाईंनी माझं माहेरचं आडनाव विचारलं,
ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला,
आणि एदहेमकडे पाहून हसल्या, पाहुण्याकडे हसतात तसं.
चढाकडे छत गळतं. वर्गात बादली.
पण मास्तर उकिडवे बसले
आणि इस्क्राच्या पडलेल्या दाताबद्दल बोलत राहिले,
चांगली दहा मिनिटं.
मग त्यांनीही विचारलंच.
त्यांच्या भिंतीवरच्या नकाशात
माझं आजोळ भलत्याच रंगात होतं.
नदीकडच्या नकाशात एदहेमचं.
दोन्ही नकाशे एकाच भिंतीवर टांगलेत,
तिच्या या अंगाला आणि त्या.

आणि इस्क्रा दिसेना.
या मजल्यावर नाही, त्या मजल्यावर जायची परवानगी नाही.
सापडली तळघरात, विदोयेजवळ.
विदोयेच्या लोकांची शाळा इथे नाहीच,
म्हणून दोन्ही दारांच्या चाव्या त्याच्याकडे.
तो तिला बॉयलर दाखवत होता:
भट्टी एक, नळ दोन, मीटर दोन.
ती दोन्ही नळांवर एकेक पंजा ठेवून उभी,
डॉक्टरीणबाईसारखी गंभीर.
"हा जास्त गरम आहे."
"तो भट्टीला जवळ आहे," विदोये म्हणाला,
आणि माझ्याकडे वळून,
"बाकी काही नाही हं. उगाच कुठे बोलू नका."

उद्या शेवटची तारीख.
चढाकडचं दार ठरलंय. त्या दातापायी.
कासव गेलं म्हणून इस्क्रा रडली,
रडून झोपली.
आईला सांगायचंय अजून;
गळक्या छताचं आधीच सांगून टाकीन,
म्हणजे ओरडायला तिला काहीतरी सोपं मिळेल.

पाचव्या रकान्यात पेन अडलं,
शेवटी पेन्सिलीनं लिहिलं, एदहेमची.
अक्षर माझंच, पण तिरकं पडलं.

आतून हाक आली, झोपेतली.
पाणी.
त्या शब्दावर आमच्याकडे अजून कुणाचं भांडण नाही.
नेऊन दिलं.
अर्धा पेला ती प्याली,
उरलेला मी, अंधारात, उभ्यानं.